विद्यापीठांतील संशोधन आणि आपली मुले
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, आणि विषय आमचा आम्हीच निवडावा असेही सांगितले. विद्यापीठांतून अलीकडे जे संशोधन झाले त्याविषयी आम्ही बोलणार, हे कळताच एका स्नेह्यांनी हसून विचारले, "गुरुजी, तुम्ही मॅट्रिक, तुम्हांस विद्यापीठाशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन आम्ही अध्यापनाचा अभ्यासक्रम केला आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळांतून पाटीपेन्सिलीची सेवा केली. विद्यापीठाची पायरी आम्ही एकदाच चढलो, ती मुलाच्या पदवीदानाच्या दिवशी, आणि तीही मागच्या रांगेत बसण्यापुरती. तेव्हा जे सांगू ते अधिकाराने नव्हे. आमचा एक जुना विद्यार्थी आज महाविद्यालयात प्राध्यापक आहे. त्याने मूळ इंग्रजी निबंध पुढ्यात ठेवून जे समजावून दिले, आणि त्यातले आमच्या अल्पमतीस जेवढे पटले, तेवढेच आपणापुढे ठेवीत आहोत.

हा विषय घेण्यास एक कारण घडले. ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात दोष आमचाही आहे. गेल्या वर्षी आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीकडे एका मुलीचा अर्ज आला. मुलगी रसायनशास्त्रात एम्.एस्‌सी. झालेली, पुढे पीएच्.डी.साठी तिला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मंजूर होती, परंतु पहिला हप्ता हाती येण्यास अवधी होता, आणि दरम्यान वसतिगृह व खानावळ यांसाठी साठ हजार रुपये उसने मिळावेत, एवढीच तिची मागणी होती. समितीत सात जण होतो. कोणी म्हणाले, हिचे शिक्षण तर झाले, आता आणखी काय? कोणी म्हणाले, पाच वर्षे संशोधन करून शेवटी मिळणार काय? तिसऱ्याने तिचे वय विचारले. नियमांत 'पदवी व पदविका' असे शब्द आहेत, त्यांवर बोट ठेवून अर्ज नामंजूर झाला. आम्ही त्या सातांतले एक. तिच्या संशोधनाचा विषय काय, हे आम्ही कोणीच विचारले नाही. आणि जन्मभर मुलांना 'प्रश्न विचारा' असे सांगत आलेले आम्ही गुरुजी त्या सभेत गप्प बसलो. घरी आल्यावर चैन पडेना. संशोधन म्हणजे काय, आणि त्यातून कोणाला काय मिळते, हे आपण जाणतो तरी का, असा प्रश्न मनात राहिला. त्याचा शोध घेता घेता हे भाषण झाले आहे.

आपली ज्ञाती गवंड्यांची. आज आपली मुले बँकेत आहेत, कचेरीत आहेत, कोणी परदेशीही आहेत. पण आजोबांच्या पिढीपर्यंत प्रत्येक घरात थापी, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा ही चार हत्यारे देव्हाऱ्याशेजारी असत, आणि दसऱ्याला त्यांची पूजा होई. डोळ्याला सरळ दिसणारी भिंत ओळंब्याला सरळ असेलच असे नाही, हे आपल्या घरातील दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे. आमचे वडील चांगले गवंडी होते, नजर त्यांची पक्की होती. तरी दर दोन थरांनी ओळंबा सोडीत. कोणी म्हणे, "अण्णा, तुम्हाला कशाला पाहिजे?" ते म्हणत, "नजर माझी आहे, ओळंबा कुणाचाच नाही." संशोधन म्हणजे काय याचे याहून सोपे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

म्हणून आरंभ आपल्याच धंद्यापासून करू. सिमेंट कसे होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. चुनखडी व माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्याचे खडे होतात, त्यांस क्लिंकर म्हणतात. ते दळले की सिमेंट. ही आग पेटविण्यास कोळसा जळतो, हे एक. परंतु त्याहून अधिक धूर चुनखडीच्या पोटातूनच निघतो, कारण तापल्यावर ती आपल्यातील कार्बन डायऑक्साइड वायू सोडून देते. साऱ्या जगात माणसाच्या उद्योगातून हा वायू जितका बाहेर पडतो, त्याचा सुमारे बारावा-तेरावा हिस्सा एकट्या सिमेंटचा आहे. आता घरे बांधू नका असे तर कोणास सांगता येत नाही. मग उपाय काय?

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठातील प्राध्यापिका कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबामधील प्राध्यापक मार्तिरेना, आणि आपल्याकडील दिल्ली, मुंबई व मद्रास येथील आय.आय.टी. यांनी मिळून या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. क्लिंकरचा वाटा निम्म्यावर आणावयाचा. त्याच्या जागी सुमारे तीस टक्के भाजलेली माती आणि पंधरा टक्के न भाजलेली, नुसती दळलेली चुनखडी घालावयाची. उरलेले पाच टक्के जिप्सम. माती भाजण्यास ७०० ते ८५० अंश उष्णता पुरते. भाजलेली माती व चुनखडी एकमेकांशी व क्लिंकरशी संयोग पावून एकजीव होतात, आणि कार्बन वायूचे उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. माती फार उंची असावी लागते असेही नाही. चिनीमातीच्या खाणीशेजारी टाकून दिलेली हलकी मातीही चालते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

भाजलेली माती हे शब्द ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे वडिलांची सुरखी उभी राहिली. जुन्या वाड्यांची, पुलांची, विहिरींची बांधकामे ज्या चुन्यात झाली, त्या चुन्याच्या घाणीत विटांची भुकटी पडत असे, हे येथे बसलेल्या सत्तरीच्या पुढील मंडळींस सांगावयास नको. वडील म्हणत, करपलेली वीट सुरखीला घेऊ नये, बेताची भाजलेली घ्यावी. ते तसे का म्हणत, हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांच्या वडिलांनी सांगितले होते म्हणून ते सांगत. माती प्रमाणाबाहेर भाजली की तिचा चुन्याशी संयोग पावण्याचा गुण मरतो, हे आज प्रयोगशाळेत मोजून दाखविता येते. येथे कोणी म्हणेल, म्हणजे आपल्या पूर्वजांस सारे ठाऊकच होते! असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला. परंतु ते खरे नव्हे. सुरखीचा चुना मुरण्यास महिने लागत. त्यावर आजची दहा मजली इमारत उभी राहणार नाही. पूर्वजांस जिन्नस ठाऊक होता. त्याचे कारण, त्याचे प्रमाण व त्याची मर्यादा ठाऊक नव्हती. ती तीन कळावीत एवढ्यासाठी तीन देशांतील माणसे वर्षानुवर्षे खपली.

अशीच एक गोष्ट जाता जाता सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील संशोधकांनी प्राचीन रोमन लोकांच्या काँक्रीटचे तुकडे तपासले. त्यांत चुन्याचे पांढरे खडे दिसत. आजवर पंडित म्हणत की रोमन गवंड्यांनी चुना नीट कालविला नाही, त्याच्या या गुठळ्या. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष वेगळा आहे: रोमन लोक कळीचा चुना तसाच, गरम असता मिसळीत असावेत, आणि भेग पडून पाणी आत शिरले की तेच खडे विरघळून भेग बुजवीत असावेत. संशोधकांनी दोन्ही तऱ्हेचे नमुने स्वतः तयार केले, मुद्दाम भेगा पाडल्या, आणि त्यांतून पाणी सोडले. कळीच्या चुन्याच्या नमुन्यातील भेग दोन आठवड्यांत बुजली. दुसऱ्यातील बुजली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यावरचा निष्काळजीपणाचा आरोप असा दूर झाला. आपल्या ज्ञातीस याचे समाधान वाटावे!

आता वाहतुकीविषयी थोडेसे. गणपतीला गावी जाताना महामार्गावर दोन-दोन तास मोटारी खोळंबतात, हा अनुभव सर्वांचा आहे. आपण म्हणतो, पुढे अपघात झाला असेल, पोलिसांनी अडविले असेल. बऱ्याच वेळाने गाडी सुटते, आणि पुढे पाहावे तर काहीच नसते! मग हा खोळंबा झाला कशाने? जपानमधील नागोया विद्यापीठाचे प्राध्यापक युकी सुगियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुरेख प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सपाट जागेवर २३० मीटर परिघाचे एक वर्तुळ आखले, त्यावर सारख्या अंतराने २२ मोटारी उभ्या केल्या, आणि चालकांस सांगितले की ताशी तीसएक किलोमीटर वेगाने पुढच्या गाडीमागे चालत राहा. ना चौक, ना खड्डा, ना बैलगाडी. थोडा वेळ सारे सुरळीत चालले. मग कोणा एकाचा वेग किंचित कमी झाला. मागच्याने जरा अधिक दाब दिला. त्याच्या मागच्याने आणखी. आणि पाहता पाहता काही गाड्या जागीच थांबल्या. हा खोळंबा लाटेसारखा ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने मागे मागे सरकू लागला. दोषी असा कोणीच नव्हता. बावीसही माणसे शहाणी होती.

पुढे अमेरिकेतील काही विद्यापीठांनी ॲरिझोनात तसेच वर्तुळ आखून त्यात एक स्वयंचलित गाडी घातली. पुढे मोकळी जागा दिसताच धावत सुटावयाचे नाही आणि जवळ येताच कचकन थांबावयाचे नाही, एवढे एकच पथ्य तिने पाळले. वीसांत एक गाडी शहाणपणाने चालली तर सबंध वर्तुळाची लाट मोडते, आणि इंधन चाळीस टक्क्यांपर्यंत वाचते, असे दिसले. २०२२ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिल शहराजवळच्या प्रत्यक्ष महामार्गावर अशा १०० गाड्या सोडून परीक्षा घेण्यात आली. आमचा धाकटा मुलगा मोटार चालवितो तेव्हा आम्ही त्यास हे दोनदा सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट निराळी.

यापुढचे सांगणे आम्हांस जड जाते, कारण ते शाळेविषयी आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. आई गडहिंग्लजच्या आठवडी बाजारात कांदा-मिरची विके, आणि बाजाराच्या दिवशी हा शाळेत नसे. एकदा आम्ही त्याच बाजारात गेलो असता तोच दुकानावर होता. दीड किलो कांदा, पाऊण किलो बटाटा, पावकिलो मिरची. तिन्हींचे दर वेगळे. आम्ही मनात मांडणी करीत आहोत तोवर त्याने बेरीज सांगून उरलेले पैसे आमच्या हातावर ठेवलेही. त्याच मुलास दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यापुढे उभे करून तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागावयास सांगितले. त्यास ते आले नाही. आम्ही चाळीस मुलांदेखत त्यास म्हणालो, "बाजारात बरी अक्कल चालते, येथे काय दगड भरले आहेत?" मुले हसली. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे, आणि आम्हांस पाहून तो अजून पाया पडतो. तेवढेच आम्हांस सोसत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या सुविख्यात नियतकालिकात एक निबंध आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांचे सहकारी यांचा तो आहे. पहिल्या दोघांस २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतच अध्यापक होते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत माल विकणाऱ्या हजाराहून अधिक मुलांकडे संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन माणसे धाडली. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दोनशेची नोट, परत किती? बहुतेक मुलांनी अशा व्यवहारांत कागद-पेन्सिलीवाचून बिनचूक उत्तर दिले. (एकशे त्रेसष्ट. येथे बसलेल्या किती जणांनी तोंडी केले?) पुढे त्याच मुलांस शाळेतल्या रीतीने कागदावर भागाकार व वजाबाकी घातली, तेव्हा त्यांतील पुष्कळांस ती येईना. नंतर संशोधकांनी शेजारच्या शाळांतील मुले घेतली. त्यांस कागदावरची गणिते अधिक येत. पण बाजारचा हिशेब घालताच ती अडखळत, आणि तोंडी तर फारच थोड्यांस जमला.

निष्कर्ष आमच्या छातीत रुतून बसला. बाजारातल्या मुलाची अक्कल उणी नव्हती. जे त्यास येत होते त्यापासून जे आम्हांस शिकवावयाचे होते तेथवर एक पूल हवा होता, आणि तो बांधणे हे आमचे काम होते. गवंड्याच्या मुलास पूल बांधता आला नाही! आणि आमच्या वर्गातला जो पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी, ज्याची पाठ आम्ही वर्षभर थोपटीत होतो, त्यास बाजारात उभे केले असते तर काय झाले असते, हेही आम्ही कधी पाहिले नाही. अडतीस वर्षे आम्ही मुलांस नजरेने जोखीत होतो. ओळंबा सोडला नाही.

याच विद्वानांचे एक जुने काम मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत झाले होते, २००१ पासूनच्या दोन-तीन वर्षांत, 'प्रथम' या संस्थेच्या साहाय्याने. तिसरी-चौथीतील जी मुले मागे पडली असतील, अशी पंधरा-वीस मुले घेऊन वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास निराळी बसे आणि पहिली-दुसरीचे मूळ धडे पक्के करून घेई. तिला 'बालसखी' म्हणत. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेस बालसखी मिळावी हे संशोधकांनी वशिल्याने वा पसंतीने ठरविले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले, म्हणजे दोन बाजूंची तुलना खोटी होऊ नये. वर्षअखेर परीक्षा घेतली तेव्हा सर्वांत मागे असलेल्या मुलांस सर्वांत अधिक लाभ झाल्याचे दिसून आले. या तरुणींपाशी आमच्यासारखे अध्यापनाचे प्रमाणपत्र नव्हते. त्या फक्त मूल जेथे होते तेथे जाऊन बसल्या.

आता शेवटचा विषय, वैद्यकाचा. हा आम्ही मुद्दाम मागे ठेवला. माताभगिनी येथे बसल्या आहेत. जे बोलतो त्याबद्दल क्षमा असावी, परंतु हे चारचौघांत बोलले जात नाही म्हणूनच त्याची किंमत आपण मोजीत आलो आहोत.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, ती दुसऱ्या बाळंतपणात गेली. आम्ही तेव्हा नववीत होतो. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पूर. सुईण अनुभवी होती, मायेची होती. मूल सुखरूप झाले. नंतर रक्त जात राहिले. आई दोनदा म्हणाली, "फार जातंय का गं?" सुईण म्हणाली, "एवढं जायचंच, बायकांना ते नवं नाही." लुगडी बदलली गेली, धुण्याला टाकली गेली. किती गेले ते कोणी मोजले नाही. मोजावयाचे असते हे कोणास ठाऊकही नव्हते. पहाटे अक्का थंड पडली. त्या सुईणीस आम्ही आज दोष देत नाही. तिने शंभर बाळंतपणे नजरेने केली होती.

आणि नजर येथे फसते, हे मोजून दाखविणारे काम आपल्या अगदी शेजारी, बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले आहे. तेथील वैद्यांनी अमेरिकन विद्यापीठांतील सहकाऱ्यांबरोबर एक साधी वस्तू तयार केली: प्लॅस्टिकची चादर, तिला खाली नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. प्रसूतीनंतर ती बाईच्या खाली सारावयाची. रक्त पिशवीत उतरते आणि रेघेवर वाचता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते की डोळ्यांनी केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. हा अंदाज सुईणीचा नव्हे, दवाखान्यातील शिकलेल्या माणसांचा होता.

पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने याच कल्पनेवर फार मोठी परीक्षा योजिली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालये, आणि त्यांत प्रसूत झालेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णालयांचे दोन भाग केले. एका भागात रेघा असलेली पिशवी दिली, आणि रक्त ठरावीक रेघेवर येताच पुढील उपचार एकामागून एक न करता एकदमच करावयाचे, असे शिकविले: गर्भाशयाचे मर्दन, ते आकुंचन पावण्याचे औषध, रक्त थांबविणारे औषध, शिरेतून द्राव, आणि तपासणी. दुसऱ्या भागात नेहमीचेच उपचार ठेवले. तेथेही चादर दिली, पण तिच्यावर रेघा नव्हत्या. २०२३ च्या मे महिन्यात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रेघा नसलेल्या ठिकाणी ज्या स्त्रियांस वाजवीपेक्षा अधिक रक्तस्राव झाला, त्यांपैकी निम्म्यांचाच वेळीच ध्यानात आला. रेघा असलेल्या ठिकाणी शंभरांत त्र्याण्णवांचा. एक लिटर वा त्याहून अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया, किंवा त्यामुळे मृत्यू, अशी गंभीर अवस्था पहिल्या प्रकारात हजारी ४३ स्त्रियांची झाली, दुसऱ्यात हजारी १६. हे वाचून आम्ही निबंध बाजूस ठेवला आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसलो.

त्या उपचारांतील रक्त थांबविणारे जे औषध, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, त्याची कथाही आपल्या मुलींनी ऐकावी अशी आहे. उताको ओकामोतो या जपानी विदुषीने पतीसह टोकियो येथे ते शोधून काढले. निबंध १९६२ सालचा. युद्धानंतरचे दारिद्र्याचे दिवस होते. रक्तावर संशोधन करावयाचे का ठरविले, तर पैसे नसले तरी स्वतःचे रक्त वापरता येई! मूल सांभाळण्यास कोणी नव्हते, तेव्हा मुलीस पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करीत. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर हे औषध गुणकारी ठरेल असे त्यांस वाटे. पण त्या काळच्या प्रसूतितज्ज्ञांस तशी परीक्षा घेण्यास त्या राजी करू शकल्या नाहीत. अखेर लंडनच्या आरोग्यशास्त्र विद्यालयाने २१ देशांतील वीस हजार स्त्रियांवर परीक्षा घेतली, आणि ते वेळीच दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात असे २०१७ च्या एप्रिलात सिद्ध झाले. उताकोबाई २०१६ च्या एप्रिलात, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निवर्तल्या होत्या. पाच वर्षांत मिळणार काय, असा प्रश्न आमच्या समितीने त्यांस विचारला असता तर त्यांपाशी उत्तर नव्हते.

सारेच संशोधन असे मोलाचे असते, असे आम्ही म्हणत नाही. पदवीपुरते लिहून कपाटात धूळ खात पडलेले प्रबंध पुष्कळ; पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही निघाली आहेत, असे आमचा विद्यार्थीच सांगतो. दहा विटांत दोन कच्च्या निघतात म्हणून कोणी भट्टी मोडीत नाही. कच्ची वीट वाजवून बाजूस काढतो. आणि पोटाचा प्रश्नही खोटा नाही. आपली घरे मोठ्या कष्टाने वर आली आहेत. मुलाने लवकर हाताशी यावे असे बापास वाटते, त्यात पाप नाही. तथापि हेही ठाऊक असावे की राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झालेल्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये शिष्यवृत्ती ठरली आहे. ती सर्वांस मिळत नाही, आणि मिळाली तरी पहिला हप्ता पुष्कळदा उशिरा येतो. नेमक्या त्या मधल्या महिन्यांतच खेड्यातून आलेले मूल परत फिरते.

गेल्या महिन्यात आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो होतो. वडील बांधकामावर मुकादम आहेत. तिने प्रवेश सोडला नाही. मामाने कर्ज काढून पैसे दिले. आम्ही समितीतले म्हणून तिच्या आईने चहा ठेवला, पण फारशी बोलली नाही, आणि तिचे बरोबरच होते. आम्ही त्या मुलीस तिचा विषय विचारला. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड नावाचे द्रव्य अधिक असले की दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. ते द्रव्य भाजलेल्या मातीच्या साहाय्याने कमी खर्चात काढून घेता येते का, हे ती पाहत आहे. अर्धा तास तिने वहीवर आकृत्या काढून समजाविले. आम्हांस निम्मे कळले. निघताना तिने विचारले, "गुरुजी, सुरखीसाठी वीट किती भाजायची, हे तुमच्या वडिलांनी कुठं लिहून ठेवलंय का?" लिहून ठेवलेले नाही. त्यांस जे येत होते ते त्यांच्याबरोबर गेले.

अध्यक्षमहोदय, दुपारच्या सत्रात निधीच्या नियमांत दुरुस्ती सुचविणारा ठराव आम्ही मांडणार आहोत. 'पदवी व पदविका' या शब्दांपुढे 'आणि संशोधन' हे दोन शब्द घालावेत. अशा अर्जदारास शिष्यवृत्ती सुरू होईपर्यंत बिनव्याजी रक्कम द्यावी. आणि अर्जाचा विचार करताना अर्जदारास बोलावून त्याचा विषय समितीने ऐकून घ्यावा. अनुमोदनासाठी अद्याप कोणी पुढे आलेले नाही. निवृत्तिवेतनातून बाजूस ठेविलेले पंचवीस हजार रुपये या कामी आम्ही आजच खजिनदारांकडे देत आहोत. त्याची पावती अक्काच्या नावाने करावी.